वंगण, घर्षण आणि जुन्या मोटारीचा ब्रेक

यांत्रिक ब्रेक म्हणजे पायाचा जोर केवळ रॉड, तरफा, पिना आणि तारा यांच्या मदतीने चाकापर्यंत पोचवणारी रचना. पेडल दाबले की एक रॉड ओढला जातो, तो चॅसिसखालचा आडवा दांडा फिरवतो, त्या दांड्यावरच्या भुजा चार चाकांकडे गेलेले चार रॉड ओढतात आणि शेवटी ड्रमच्या आत कॅम किंवा पाचर सरकून ब्रेक शू फाकतात. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. डिसेंबर १९२७ मध्ये ती लोकांसमोर आली आणि पुढच्या चार-सव्वाचार वर्षांत सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या. तिच्या पुढच्या चाकांत हा जोर पोकळ किंगपिनमधून, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्यातून, जाणारी एक बारीक पिन खाली पोचवते. द्रवाच्या दाबाने चालणारे ब्रेक तेव्हा अज्ञात नव्हते; ड्यूझेनबर्गने ते १९२१ मध्येच आपल्या गाडीला बसवले होते. फोर्डने मात्र १९३८ पर्यंत रॉडचाच आग्रह धरला आणि पाय ते चाक अशी अखंड पोलादी साखळी ही आपली सुरक्षितता म्हणून मिरवली. त्यामुळे आज जतन केलेल्या जुन्या मोटारींपैकी पुष्कळ गाड्या अजून याच साखळीच्या भरवशावर थांबतात.

या साखळीतल्या पिना, बुश आणि सांधे यांना तेल-ग्रीस द्यावे की ते कोरडे ठेवावेत, हा वाद जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत कायमचा आहे. वरवर तो गॅरेजमधला प्रश्न दिसतो. पण दोन्ही बाजूंची कारणे थोडी उकलली की त्याखाली तीन वेगळे प्रश्न सापडतात: वस्तूचे वस्तूपण कशात असते, तिची झीज ही तिचा इतिहास मानायची की तिचा आजार, आणि जपणूक करणाऱ्याचे कर्तव्य नेमके कोणाप्रती असते.

आधी कोरड्या पक्षाचे म्हणणे. ब्रेकचे रॉड गाडीच्या पोटाखाली उघडे असतात. तिथे तेल घातले की रस्त्याची धूळ चिकटते आणि तेल-धुळीचा लगदा पिनेला कानसेसारखा खात राहतो. तेल ओघळते, पसरते, रॉडवरून ड्रमच्या दिशेने सरकते. ब्रेक शूवरच्या घर्षणपट्टीला, म्हणजे लाइनरला, त्याचा स्पर्श झाला तर ते चाक थांबवण्याच्या कामातून बाद होते. शिवाय हे सांधे फिरतात तरी किती? पेडलच्या एका दाबाला जेमतेम काही अंश. चाकाच्या बेअरिंगला वंगण लागते हे उघड आहे. इतक्या कमी हालणाऱ्या पिनेला ते कशाला, असा सवाल ही मंडळी करतात. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

कारण कमी हालचाल आणि जास्त भार हीच घर्षणाची सर्वांत वाईट परिस्थिती असते. वेगाने फिरणाऱ्या दांड्याखाली तेलाचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि धातू धातूला लागतच नाही. जोरात दाबलेली पिन काही अंश फिरून परत येते, तेव्हा असा थर उभा राहायला वेळच मिळत नाही. मग धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारे वंगणाचे रेणूच काय ते मध्ये असतात. या ‘सीमावर्ती’ वंगणक्रियेचा पाया १९२० च्या आसपास विल्यम हार्डी यांनी घातला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ, हे जाता जाता सांगण्यासारखे. तेवढाही थर नसला तर बारीक हालचालीने धातूचे कण निघतात, हवेशी संयोग पावतात आणि तांबूस भुकटी होऊन तिथेच दळत बसतात. गाडीखाली वाकून पाहणारा त्याला गंज म्हणतो. तो नुसता गंज नसतो. पिन आणि तिचे भोक यांचे पीठ झालेले असते.

या घर्षणाचा हिशेब साधा आहे. समजा, पेडलपासून शूपर्यंत दहा सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यात तीन टक्के जोर वाया जातो. दहाव्या सांध्यापलीकडे सुमारे ७४ टक्के जोर उरतो. प्रत्येक सांध्यातली गळती एक टक्क्यावर आली तर ९० टक्के पोचतो. आता डावीकडची साखळी कोरडी आणि उजवीकडची तेल दिलेली असेल तर काय होईल? ब्रेक लावताच गाडी उजवीकडे ओढ घेईल. द्रवचालित ब्रेकमध्ये दाब सगळीकडे सारखा पसरतो. रॉडच्या ब्रेकला ही सोय नाही, तिथे समानता माणसाने सांध्यासांध्यात जाऊन राखावी लागते. परतीच्या प्रवासातही अडचण असते. अडखळणारा सांधा पेडल सोडल्यावरही शू पूर्ण मागे येऊ देत नाही, ड्रम तापतो, चाकातले ग्रीस पातळ होते आणि ज्या तेलाच्या भीतीने सांधा कोरडा ठेवला ते तेल दुसऱ्या वाटेने लाइनरपर्यंत येते.

ब्रेक ही मुळातच घर्षणावर जगणारी रचना आहे, आणि या वादातला खरा पेच तिथेच आहे. लाइनर आणि ड्रम यांच्यात जितके घर्षण तितके चांगले. त्या जागेच्या अलीकडे, संपूर्ण साखळीत, जितके कमी तितके चांगले. एकाच यंत्रात एकच गोष्ट एका ठिकाणी साध्य आहे आणि वीतभर अंतरावर दोष. म्हणून ‘वंगण चांगले की वाईट’ या रूपात प्रश्न विचारला तर उत्तर मिळणार नाही. स्थान, मात्रा आणि प्रयोजन यांवर बरेवाईटपणा ठरतो, ही गोष्ट आयुर्वेदाने द्रव्यांबद्दल आणि मीमांसकांनी कर्मांबद्दल फार पूर्वी मांडली आहे.

वस्तूच्या ओळखीचा प्रश्न तुलनेने लवकर आटोपता येतो. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की तो ज्या रथातून आला तो रथ म्हणजे आस की चाके की जू. आणि शेवटी ‘रथ’ हे अवयवांच्या आश्रयाने वापरलेले नाव ठरते. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसिअसच्या जहाजाच्या रूपाने येतो: एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहिले का? जुन्या मोटारींच्या चर्चेत हे जहाज इतक्या वेळा येते की ते आता खडकावर लागायला हवे. वंगणाच्या बाबतीत मात्र ते फारसे उपयोगी नाही, कारण वंगण घालताना कुठलाही भाग बदलला जात नाही. उलट कोरडेपणाच फळ्या बदलायला लावतो. १९२८ सालची मूळ पिन तेलाच्या थेंबाविना लंबवर्तुळाकार झिजली की ती फेकून नवी घालावी लागते, भोक मोठे करून बुश बसवावा लागतो. मूळपणाच्या नावाने तेल नाकारणारा माणूस मूळ धातूच खर्ची घालत असतो.

अॅरिस्टॉटलने ‘डी अॅनिमा’च्या दुसऱ्या भागात याहून कामाचे साधन दिले आहे. कुऱ्हाड सजीव असती तर तोडण्याची क्षमता हाच तिचा आत्मा ठरला असता, आणि पाहू न शकणारा डोळा हा केवळ नावाचा डोळा असतो, असा त्याचा विचार आहे. या मोजमापाने पाहिले तर गंजून अडकलेला, पण एकही भाग न बदललेला ब्रेक हा नावापुरता ब्रेक. त्याचे द्रव्य अस्सल आहे, रूप हरवलेले आहे. संग्राहकाला द्रव्याचा मोह असतो आणि तो समजण्यासारखाही आहे. कारखान्याच्या शिक्क्याचा पोलादी रॉड हातात घेतल्यावर काळाला हात लावल्यासारखे वाटते. पण यंत्राचे असणे हे त्याच्या करण्यात असते. चित्र भिंतीवर निश्चल राहूनही चित्र असते. ब्रेक निश्चल राहून ब्रेक असू शकत नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडणारा ग्रंथ तत्त्वज्ञानाचा नव्हे, वैद्यकाचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचे, महत्त्व सांगताना तीन दाखले येतात: तेल मुरलेले मडके, तेल चोळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस. हे तिन्ही जसे दृढ आणि कष्ट सोसणारे होतात तसे शरीर तेलाने होते. म्हणजे आयुर्वेदाला शरीर समजावून सांगण्यासाठी वंगणाचा आधार घ्यावा लागला. गाडीवानाचे ज्ञान वैद्याच्या आधीचे होते.

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायातला आस याहून खोल आहे. शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेलेच असते का. असेल तर अकाली मृत्यू या शब्दाला अर्थ काय? आत्रेय उत्तरादाखल गाडीच्या आसाकडे बोट दाखवतात. सर्व गुणांनी युक्त आस नीट वापरला तर आपले प्रमाण संपल्यावर, आपल्या वेळी झिजून संपतो; तो कालमृत्यू. तोच आस जास्त ओझ्याने, खडबडीत वाटेने, वाट सोडून जाण्याने, चाक मोडल्याने, वाहक किंवा वाहनाच्या दोषाने, खीळ निसटल्याने किंवा वंगण न दिल्याने अर्ध्यावरच मोडतो, तो अकालमृत्यू. देहाचेही तसेच. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंच्या जोडीने आयुष्य ठरते, असा या अध्यायाचा निवाडा आहे.

या यादीत वंगणाचा अभाव अपघात आणि अतिभार यांच्या पंक्तीला बसवलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. काही न करणे हेही इथे कारण मानले आहे. कोरड्या पक्षाच्या भूमिकेला छेद जातो तो नेमका इथे. त्यांच्या बोलण्यात एक गृहीतक दडलेले असते: तेल घालणे हा हस्तक्षेप आहे आणि न घालणे म्हणजे वस्तूला तिच्या वाटेने जाऊ देणे. आत्रेयांच्या हिशेबात वंगण न दिलेला आस आपल्या वाटेने जात नसतो, तो वाटेत मारला जात असतो. आणि वंगण दिलेला आस अमर होतो असेही ते म्हणत नाहीत. तो संपतोच, फक्त आपल्या वेळी. झीज थांबवणे हे वंगणाचे काम नव्हे. अकाली झिजेला योग्य वेळेपर्यंत अडवून धरणे एवढेच त्याचे काम. महाराष्ट्रातले बैलगाडीवाले आसाला एरंडेलाचे वंगण घालत, त्यामागे हाच अलिखित हिशेब होता.

पाश्चात्त्य जतनविचारात हा मुद्दा इमारतींच्या निमित्ताने आला. जॉन रस्किनने १८४९ च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये जीर्णोद्धारावर कडाडून टीका केली. पण त्याच जागी तो हेही सांगतो की इमारतीची वेळच्या वेळी काळजी घेतली तर जीर्णोद्धाराची पाळीच येत नाही. छतावर वेळीच घातलेले शिशाचे पत्रे आणि पाण्याच्या वाटेतून काढलेला पालापाचोळा पुष्कळ काही वाचवतो. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेची भूमिकाही रोजच्या निगराणीने ऱ्हास दूर ठेवण्याची. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेली तुरीन सनद याच वळणाची आहे: हस्तक्षेप शक्य तितका कमी, परतवता येण्याजोगा, नोंदलेला, आणि वाहनाचा रस्त्यावरचा वापर हा त्याच्या जपणुकीचाच भाग. या कसोटीवर रॉड काढून द्रवचालित ब्रेक बसवणे हा मोठा बदल ठरतो. मॉडेल ए वर तो सर्रास केला जातो आणि त्याचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने होते. पण नीट जुळवलेले, वंगण दिलेले मूळ ब्रेक त्या गाडीच्या वेगाला साजेसे थांबवतात. बहुतेक वेळा बदनाम झालेली असते ती रचना नव्हे, तिची आबाळ. वंगणाचा थेंब हा त्या मोठ्या बदलाला दिलेला सर्वांत स्वस्त पर्याय आहे.

भारतात हा प्रश्न कायद्याच्या भाषेतही आला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते आणि त्याच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. ‘मूळ स्वरूप’ आणि ‘देखभाल’ एकाच नियमात शेजारी शेजारी बसले आहेत आणि त्यात कोणालाही विसंगती वाटलेली नाही.

झीज हा इतिहास आहे, या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज रोखण्यासाठी वज्रलेप केला जातो, तेव्हा दरवेळी चर्चा होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पदस्पर्शाने आणि अभिषेकाने झालेली झीज ही नुसती हानी नसते, ती भक्तीची खूणही असते. मोटारीतही अशी झीज आहे. पेडलच्या पट्टीवर नव्वद वर्षांच्या बुटांनी पाडलेली गुळगुळीत चकाकी, हातब्रेकच्या दांड्याचे उडालेले निकेल. या खुणा जशाच्या तशा राखाव्यात. नवी पट्टी बसवणारा काहीतरी पुसून टाकतो. पण पिनेच्या भोकातली झीज दिसत नाही, कोणाच्या पायाची किंवा हाताची आठवण सांगत नाही, आणि वाढत गेली तर एखाद्या उतारावर साखळी तोडते. दिसणारी, बोलणारी झीज आणि आतली, मुकी झीज हा भेद केला की आक्षेपाचा मान राहतो आणि पिनेला तेलही मिळते.

कर्तव्याचा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला जातो, पण निर्णायक तोच आहे. गाडीचा मूळपणा जपण्यात मालकाचा रस असतो. संग्राहकांच्या समाजाचा आणि पुढच्या पिढ्यांचाही असतो. ब्रेक लागण्यात मात्र रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव गुंतलेला असतो, आणि त्याने कोणत्याही जोखमीला संमती दिलेली नसते. हौस कितीही उदात्त असली तरी तिची किंमत तिऱ्हाइताने भरावी असे कोणत्याही नीतिविचारात बसत नाही. संग्रहालयातल्या मडक्याला हा नियम लागू नाही. मडके कोणावर धडकत नाही. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत म्हणूनच निवड ‘तेल की मूळपणा’ अशी उरतच नाही. तेल हे देणे आहे.

याचा अर्थ सढळ हाताने ग्रीस थापावे असा नाही. संयुत्त निकायातल्या रथाच्या उपमेवरून ओळखल्या जाणाऱ्या सुत्तात बुद्ध भिक्षूच्या आहाराची तुलना आसाला घातलेल्या वंगणाशी करतात: ओझे वाहून नेण्यापुरते, चैनीसाठी नव्हे. ब्रेकच्या सांध्यालाही हीच मात्रा. जास्त ग्रीसचा मोठा तोटा धूळ हा नव्हेच, लपवाछपवी हा आहे. ग्रीसने भरलेली सैल पिन आवाज करत नाही, हाताला खुळखुळत नाही, तपासणाऱ्याला फसवते. मिस्त्री एखाद्या सांध्याला ग्रीसने माखतो तेव्हा तो कधी कधी दुरुस्ती पुढे ढकलत असतो. म्हणून आधी पिन काढून, पुसून, तिची झीज पाहून मगच तेल, हा क्रम नैतिकही आहे आणि तांत्रिकही.

प्रत्यक्षात रॉड आणि भुजा जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनांना तेलाच्या कुपीतून एखाददुसरा थेंब, पिन हलवून तो आत जाऊ देणे आणि बाहेरचे लगेच कापडाने पुसणे एवढे पुरते. आडव्या दांड्याच्या बुशांना, जिथे कारखान्यानेच निपल दिले आहेत तिथे, ग्रीस गन लावावी; निर्मात्याने ठेवलेले निपल हा त्या सांध्याला वंगण हवे असल्याचा लेखी पुरावाच आहे. रोल्स-रॉइसने तर ‘फँटम दोन’ या मोटारीत चॅसिसच्या सांध्यांना एका पेडलने तेल पोचवणारी केंद्रीय व्यवस्थाच बसवली होती. आवरणातून जाणाऱ्या तारेला आतून वंगण लागते. ड्रमच्या आत कॅमच्या दांड्याला आणि शू जिथे सरकतात त्या जागांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि लाइनर, ड्रम यांना काहीही नाही. जुन्या लाइनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी. काळाशी प्रामाणिक राहायचे म्हणून एरंडेल किंवा चरबीचे वंगण वापरण्याचा हट्टही नडतो: त्यातली आम्ले काळाने पितळी बुशांवर हिरवट थर आणतात. तिथे साधे खनिज तेल बरे.

उभ्याच राहणाऱ्या संग्रहालयातल्या गाडीचे गणित निराळे आहे. तिथे पेडल कोणी दाबत नाही, तेव्हा झीज नाही. धोका गंजाचा आणि घट्ट होत जाणाऱ्या जुन्या ग्रीसचा. अशा गाडीच्या सांध्यांवर काढता येण्याजोग्या मेणाचा पातळ थर देतात, हातब्रेक सोडून चाकांना ओंडके लावतात म्हणजे लाइनर ड्रमला चिकटत नाहीत, आणि मूळ ग्रीसचा थर साफ करण्याआधी त्याचा नमुना आणि छायाचित्र ठेवतात, कारण त्या काळात कोणते वंगण वापरले जाई याचा तोही पुरावा असतो. गाडी पुन्हा रस्त्यावर न्यायची ठरली तर मेण उतरवून प्रत्येक पिन मोजावी लागते आणि चारही चाकांचे ब्रेक नव्याने सारखे जुळवावे लागतात.